रंग सुकला, पण चमक जाईना!

मॉडेलचं कटिंग, फिटिंग, रंग सगळं छान जमतं आणि शेवटी रणगाडा जत्रेतल्या खेळण्यासारखा चकाकतो. दोन महिन्यांची मेहनत त्या शेवटच्या हातावर अवलंबून असते, म्हणून हा लेखप्रपंच.

चमक रंगाच्या छटेत नसते, सुकलेल्या थराच्या पृष्ठभागात असते. पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर प्रकाश आरशासारखा एकाच दिशेने परततो. प्रकाशाची तरंगलांबी साधारण ०.४ ते ०.७ मायक्रॉन, पृष्ठभागावर मायक्रॉनभराचे चढउतार आले, की तो चहूकडे विखुरतो आणि रंग मॅट दिसतो. हे चढउतार आणायला बहुधा सिलिकाची बारीक पूड वापरतात. पाणी-अल्कोहोल उडून थर आकसला, की तिचे कण डोकं वर काढतात.

तामियाचा एक्स-२१ फ्लॅट बेस याच कामाचा. मी ग्लॉस रंगाच्या दहा थेंबांना याचा एक थेंब घालून सुरुवात करतो, टाकाऊ प्लास्टिकवर लावून पूर्ण सुकू देतो, मगच पुढचा थेंब. ओला रंग नेहमीच चमकतो, त्यावरून अंदाज बांधू नये! बाटली आधी भरपूर हलवा, कारण पूड तळाशी बसते. प्रमाण जास्त झालं तर कणांना धरून ठेवायला रेझिन पुरत नाही आणि थर पिठूळ, पांढरट होतो. काळ्या नि गडद हिरव्यावर हे लगेच कळतं. म्हणूनच फ्लॅट बेस नुसता वरून मारायचा नसतो. टाल्कम पावडरचा हॉस्टेल-छाप उपायही पाहिलाय. रणगाड्याच्या चिखलाला ठीक, विमानाच्या पंखावर मात्र दाणे दिसतात.

उलट चमक वाढवायला एक्स-२२ क्लिअर. मॅट रंगात घातलं तर रेझिन वाढतं, पण आतली पूड कुठे जाते? त्यामुळे सेमी-ग्लॉसपुढे फारशी मजल जात नाही. पूर्ण चमक हवी तर क्लिअरचा वेगळा थर द्यावा. डिकल लावण्याआधी तर द्याच, नाहीतर खडबडीत थरावर डिकलखाली हवा अडकून चंदेरी डाग दिसतात. मॅट थर सगळ्यात शेवटी.

तामियाच्या अ‍ॅक्रिलिकमध्ये अल्कोहोल असतं, व्हलेहोचं पाण्यातलं. नाव एकच, पण एकत्र केले तर गुठळ्या होऊ शकतात; ज्याचा रंग त्याचंच मीडियम घ्या. पावसाळ्यात तर फ्लॅट बेस नसतानाही थर पांढुरका पडतो, कारण अल्कोहोल उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतलं बाष्प त्यावर बसतं. तशा दमट दिवशी मी बाटली उघडतच नाही.