भाड्याची लेन्स, माणचा शुक्रवार

पहाटे ५.५०

भाड्याचं घड्याळ काल रात्री आठलाच सुरू झालंय. चोवीस तासांचे पैसे आणि डिपॉझिट भरून, ओळखपत्र काउंटरवर ठेवून सिग्माची १५०-६०० काँटेम्पररी घरी आणली. टेबलावर तिच्या शेजारी कॅननची आरएफ १००-४०० आहे. ती आमच्या टीममधल्या साताऱ्याच्या मित्राची, एका दिवसापुरती उसनी. बॉडी एकच, माझी आर१०. या दोन जातींपैकी एक लेन्स घ्यायची आहे आणि ती लाखाच्या आत बसवायची आहे.

यूट्यूबवर लेन्स तपासणारा माणूस नेहमी केनियात नाहीतर कॉर्बेटमध्ये असतो. तिथे सिंह नाहीतर वाघ समोर येऊन बसतो आणि दिवसभर दुसरं काम नसतं. मला मिळतात ते ऑफिसच्या आधीचे दीड-दोन तास, तेही हिंजवडीशेजारच्या माणच्या बांधांवर. तेव्हा परीक्षा इथेच आणि कामाच्या दिवशीच घ्यायची.

६.४०

स्कूटरने पहिला निकाल घराच्या पार्किंगमध्येच लावला. १००-४०० जेमतेम साडेसोळा सेंटिमीटर लांब. बॉडीला लावूनही टॉवेलात गुंडाळून डिकीत गेली. १५०-६०० नुसतीच २६ सेंटिमीटर. जुन्या डीएसएलआरच्या माउंटची असल्यामुळे तिला अ‍ॅडॉप्टर लागतो, वर हूड. ती सॅकमध्ये, पाठीवर. वजनाचा हिशेब असा: सिग्मा १,९३० ग्रॅम, अ‍ॅडॉप्टर ११०, बॉडी ४२९, म्हणजे अडीच किलोला थोडं कमी. दुसरी जोडी एक किलोच्या किंचित वर. त्यात लेन्स फक्त ६३५ ग्रॅमची.

७.००

भोईरवाडीकडे वळलं की माणचे दोन तुकडे एकदम दिसतात. मागे हिंजवडी फेज थ्रीच्या काचेच्या इमारती आणि मेट्रोचे खांब, पुढे हरभरा, ऊस, मध्येच विकायला काढलेला प्लॉट आणि त्यावर वाढलेलं गवत. गुंठ्यांच्या पाट्या पक्ष्यांना वाचता येत नाहीत हे बरं. बिल्डर येईपर्यंत त्या गवतात चंडोल आणि टिटव्या नांदतात.

जानेवारीत इकडे सूर्य सात वाजून पाच-दहा मिनिटांनी वर येतो. त्याआधी बाभळीवर दयाळ येऊन बसला, शेपटी वर करून. आधी मोठी लेन्स. ६०० एमएमला तिचं तोंड एफ/६.३ एवढंच उघडतं. शटर १/५०० ठेवलं तर आयएसओ ४००० वर गेला. मग घाईघाईने लेन्स बदलली, दयाळ जागचा हलला नाही हे त्याचे उपकार. १००-४०० पूर्ण लांबवली की एफ/८. त्याच शटरला आयएसओ ६४००. चाकाचे दोन खटके, एवढाच फरक. फोरमवाले ‘एफ/८ म्हणजे काळोख’ म्हणतात, ते काही खरं नाही. अंधार दोघींनाही जड जातो. तिथे खरंच कामाला येते ती एफ/४ची ६०० एमएम प्राइम, आणि तिची किंमत दहा लाखांच्या वर. म्हणजे गाडी विकून लेन्स घ्यायची आणि ती न्यायला रिक्षा करायची.

मोठीच्या फोटोत एक गोष्ट मात्र सरस निघाली. दयाळामागची बाभळीची काड्यांची गुंतागुंत पार विरून गेली होती. कारण साधं आहे. ६०० ला ६.३ ने भागा, उत्तर ९५. ४०० ला ८ ने भागा, उत्तर ५०. प्रकाश आत येण्याची वाट एकीची ९५ मिलिमीटर रुंद, दुसरीची ५०. मागचं चित्र पुसण्याची ताकद या रुंदीतून येते, आणि वजनही तिथूनच येतं. ९५चं फिल्टर आणि ६७चं फिल्टर शेजारी ठेवलं की डोळ्यांनाच कळतं.

७.४५

ऊन आलं. विजेच्या तारेवर कापशी घार, लाल डोळे, खांद्यावर काळा डाग. ती उठली आणि हरभऱ्यावर एका जागी पंख फडफडवत थांबली. हा पक्षी भक्ष्य शोधताना असा हवेत तरंगतो, फोटोवाल्याला तेवढीच दहा-पंधरा सेकंदं मिळतात.

मोठ्या लेन्सने घार सापडेना. ६०० एमएम या बॉडीवर ९६० सारखी दिसते. आभाळाचा इतका छोटा चौकोन की पक्षी त्यात आणणं हेच काम. यावर उपाय आहे: १५०ला सुरू करायचं, पक्षी मधोमध घ्यायचा आणि मग झूम वाढवत जायचं. झूमचा खरा फायदा हाच, प्राइमवाल्यांना तो मिळत नाही. दुसऱ्या वेळी घार चौकटीत आली. १/२०००, आयएसओ १२५०, प्रत्येक पीस मोकळं. पण तोवर डावा हात थरथरायला लागला होता. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन हाताचा कंप खाऊन टाकतं हे खरं. खांद्याचा थकवा त्याला खाता येत नाही. हलक्या लेन्सने घार सापडायला काही कष्ट पडले नाहीत. फोटोत ती लहान आली, पण एकामागून एक अशी बरीच आली.

बांधावर एक काका पाण्याची पाळी बदलत उभे होते.

“काका, जरा पलीकडून जाऊ का?”

“जा की. हरभऱ्यात पाय नको म्हणजे झालं.” मग लेन्सकडे बघून, “ही तोफ कितीची?”

“भाड्याची आहे.”

“मग ती दुसरी बारकी?”

“ती मित्राची.”

“म्हंजे तुझं काय?” असं म्हणून ते हसले आणि पाटाकडे वळले. जाता जाता त्यांनीच दाखवलं: विहिरीच्या कठड्याजवळच्या वाळक्या काटकीवर वेडे राघू येतात, उडून माशी धरतात आणि परत त्याच काटकीवर बसतात. अशी माहिती कुठल्याही लेन्सच्या डब्यात मिळत नाही. कठड्याआड बसून राहिलो. राघू माझ्यापासून पाच-सहा मीटरवर येऊन बसला आणि १००-४०० ने चौकट जवळजवळ भरली. मोठी लेन्स काढायची गरजच पडली नाही. तिला जवळचं फोकस करायला २.८ मीटर लागतात, हिला एक मीटरभर. म्हणजे उद्या फुलपाखरू बसलं तर हीच उपयोगी.

८.५०

टपरीवर चहा. निवडक फोटो वायफायने मोबाइलवर घेतले, कारण ऑफिसच्या लॅपटॉपला कार्ड लावलं तर सिक्युरिटीचा मेल येतो. खांद्याला लटकवलेल्या मोठ्या लेन्सची नळी आपल्याच वजनाने पुढे सरकू नये म्हणून तिला कुलपाचा खटका आहे. चालताना तो लावायचा, पक्षी दिसला की काढायचा. सकाळच्या घाईत हेही एक काम.

१०.००

कंपनीत कॅमेरा नेता येत नाही. गेटवर मटेरियलच्या रजिस्टरमध्ये नोंद करून सॅक सिक्युरिटीच्या केबिनमध्ये ठेवायची. गार्ड भाऊ बीडकडचे. त्यांनी दोन्ही लेन्स उलटसुलट करून सिरियल नंबर उतरवून घेतले. “सर, यातून चंद्र दिसतो का?” दिसतो म्हटलं. “मग संध्याकाळी दावा.”

दुपारी १.३०

कँटीनमध्ये साताऱ्याचा मित्र, मी आणि एका टिश्यू पेपरवर गणित. त्याचं म्हणणं, ६०० आणि ४०० मध्ये जमीन-अस्मानाचा फरक. मग फरक मोजूच.

तांबट घेतला, १७ सेंटिमीटरचा पक्षी. तो वीस मीटरवर बसलाय. सेन्सरवर पडणारी प्रतिमा म्हणजे पक्ष्याची लांबी गुणिले फोकल लेंग्थ, भागिले अंतर. ४०० एमएमला ती ३.४ मिलिमीटर येते, ६०० ला ५.१. आर१० चा सेन्सर २२.३ मिलिमीटर रुंद आणि त्यावर आडवे ६,००० पिक्सेल. म्हणजे ४०० ला तांबट साधारण ९१५ पिक्सेलचा, ६०० ला १,३७० चा. फरक आहेच. आता ४०० वाल्याला तेवढाच मोठा तांबट हवा असेल तर किती पुढे सरकावं लागेल? साडेसहा मीटर. वीसवरून साडेतेरावर.

“म्हणजे ते दोनशे एमएम नऊ-दहा पावलांचे,” मित्र म्हणाला.

माणमध्ये, हो. इथला पक्षी माणसाला, स्कूटरला, ट्रॅक्टरला सरावलाय. हळूहळू, तिरकं चालत, मध्येच थांबत गेलं तर दहा पावलं तो देतो. तो मान ताठ करून एकटक बघायला लागला की थांबायचं, आणि घरट्याजवळ तर जायचंच नाही, लेन्स कोणतीही असो. पण हे गणित सगळीकडे चालत नाही. भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी होडीपासून किती लांब राहायचे ते स्वतः ठरवतात. कडबनवाडीच्या माळावर गवताळ सफारीत लांडगा दिसला तर गाडीतून उतरता येत नाही. तिथे पावलांचा उपयोग शून्य, तिथे ६००च हवी.

शेजारच्या टेबलावरचा एक जण निकॉनवाला, जुनी डीएसएलआर बाळगून असलेला. त्याने विचारलं, माझं काय? त्याला म्हटलं, तुझी तर चैन आहे. लोक मिररलेसकडे पळतायत आणि २०१५ ची निकॉन २००-५०० वापरलेल्या बाजारात येतेय. शेवटपर्यंत एफ/५.६, फक्त २,३०० ग्रॅम उचलायची तयारी ठेव. आणि ज्याच्याकडे कॅननची साधी डीएसएलआर आहे, त्याने आधी ५५-२५० एसटीएम घ्यावी. पावणेचारशे ग्रॅमची ती लेन्स स्वस्तातली म्हणून हिणवली जाते, पण तिच्यावर वर्षभर हात बसला की पुढे काय हवंय ते आपोआप कळतं. सोनीची २००-६०० किंवा कॅननची नवी २००-८०० या उत्तमच; त्या लाखाच्या आत, म्हणजे आमच्या टिश्यू पेपरवर, बसत नाहीत.

कँटीनच्या काचेबाहेर घार घिरट्या घालत होती. आता बाहेर जाऊन उपयोग नव्हता. तापलेल्या जमिनीवरची हवा लवलवते आणि दूरचा फोटो पाण्याखालून काढल्यासारखा येतो. लेन्स जितकी लांब तितकं ते जास्त जाणवतं, आणि लोक दोष फोकसला देतात.

३.००

मीटिंग. मग आणखी एक मीटिंग.

५.४५

वाकडला एक जण वापरलेली १५०-६०० विकतोय. बिल, डबा, सगळं आहे म्हणाला. शुक्रवार संध्याकाळ, त्यात हिंजवडीचा शिवाजी चौक. त्या अंतराला किलोमीटर हे माप लावण्यात अर्थ नाही. कॅफेत भेटलो. मुलगा सज्जन, लेन्स बाहेरून चकचकीत.

आधी बिलावरचा सिरियल नंबर लेन्सवरच्या नंबरशी जुळवला. झूमची रिंग टोकापासून टोकापर्यंत फिरवली, कुठे खरखर नाही. माउंटवरचे सोनेरी टिपके स्वच्छ. कॅफेच्या टाइल्सच्या भिंतीचा पूर्ण उघड्या छिद्राने फोटो काढून चारही कोपरे मोठे करून पाहिले. एक कोपरा बाकीच्यांपेक्षा मऊ असेल तर लेन्सने कधीतरी आपटी खाल्लेली असू शकते. तेही ठीक निघालं. मग दोन्ही झाकणं काढून मोबाइलचा टॉर्च मागून तिरका मारला. पुढून तिसऱ्या-चौथ्या काचेवर, कडेला, कोळ्याच्या बारीक जाळ्यासारखे पांढरे धागे. बुरशी.

“फोटोत काही दिसत नाही हो,” तो म्हणाला. बरोबर आहे, आज दिसत नाही. पण आमच्या मुळशीच्या अंगाला पावसाळा चार महिने भिंती ओल्या ठेवतो, आणि ही बुरशी त्यात वाढत जाते. आतली काच साफ करायला लेन्स पूर्ण उघडावी लागते, मग ती पुन्हा नीट जुळवावी लागते, आणि काचेवरचा लेप खाल्ला गेला असेल तर तो परत येत नाही. चहाचे पैसे दिले, नमस्कार केला, निघालो. त्याला सांगितलं, हवाबंद डबा आणि सिलिका जेल आण, नाहीतर तुझ्या बाकीच्या लेन्सही जातील. त्याने मान डोलावली. आणेलसं वाटलं नाही.

७.४०

शहरातलं भाड्याचं दुकान. काउंटरवरच्या दादांनी काच, माउंट, झाकणं बघितली, डिपॉझिट परत केलं.

“मग, घेताय का हीच नवी?”

“नाही. १००-४०० घेतोय. हूड वेगळं घ्यावं लागेल ना?”

“कॅनन त्या लेन्सबरोबर देत नाही. घ्याच. आणि ती पावसाळी नाहीये हां, सील नाही तिला. ताम्हिणीला पावसात नेणार असाल तर रेनकव्हर.”

“द्या. आणि ही मोठी फेब्रुवारीत एका शनिवार-रविवारसाठी लिहून ठेवा. भिगवण.”

त्यांनी वही उलटी फिरवून तारीख दाखवली. आधीच दोन नावं होती, त्यांच्याकडे या लेन्सच्या तीन प्रती आहेत. “होडीत ट्रायपॉडचा उपयोग नाही, बीनबॅग न्या, ती फुकट देतो. आणि पट्टा मानेत अडकवायचा, हातात धरायची नाही. ओळखपत्र ओरिजिनल लागेल. झेरॉक्स चालत नाही.”