सैतानाचा वाडा आणि आमची सही

दिवाळीच्या सुट्टीत आमचा भाचा पुण्याहून वैजापूरला आला. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. एस.टी.तून उतरला तेव्हा कपड्यांची पिशवी हलकी आणि पाठीवरचा लॅपटॉप जड. रात्री जेवणे आटोपली की स्वारी पडद्यासमोर. पडद्यावर लाल आभाळ, आगीचे लोट आणि त्यात एक झगमगता वाडा. आमच्या बहिणीने दोन दिवस पाहिले आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "दादा, याला जरा समजावून सांगा. पोरगं रात्रंदिवस सैतानाच्या घरात हिंडतंय."

आम्ही समजावण्यासाठी शेजारी बसलो आणि रात्री दीड वाजेपर्यंत उठलो नाही.

खेळाचे नाव 'बाल्डर्स गेट ३'. बेल्जियममधील लॅरियन स्टुडिओज या कंपनीने तो ऑगस्ट २०२३ मध्ये बाजारात आणला आणि त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट खेळ म्हणून त्याला 'द गेम अवॉर्ड्स'चा मोठा पुरस्कार मिळाला. त्याचे मूळ १९७४ साली अमेरिकेत निघालेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या बैठ्या खेळात आहे. खेळणारा एखादे पात्र होतो, तीन सोबती घेतो आणि संकटातून वाट काढतो. कोणाला पटवायचे, फसवायचे किंवा कुलूप उघडायचे, तर वीस बाजूंचा फासा पडतो. एक पडला की डाव फसला. खेळात हिंसा आणि प्रौढ विषय आहेत, तो सतरा वर्षांखालील मुलांसाठी नाही, हे पालकांनी आधीच लक्षात घ्यावे.

या कथेत राफाएल नावाचा सैतान आहे. शिंगे आहेत, पण बोलणे लोण्यासारखे मऊ. अंगावर भारी कपडे, तोंडी कविता. तो तलवार घेऊन येत नाही, कागद घेऊन येतो. नायकाला एक हातोडा हवा असतो. तो राफाएलकडे आहे. बदल्यात त्याला एक मुकुट हवा. मुकुट आज कोणाच्याच हाती नाही, पुढे मिळाला तर द्यायचा. म्हणजे हातोडा आज, फेड उद्या. पडद्यावर करारनामा उलगडला. भाच्याने विचारले, "मामा, सही करू का?"

आमच्या तोंडून आपोआप निघाले, "आधी सगळं वाच."

वाचकहो, या तीन शब्दांची किंमत आम्ही पगारातून मोजलेली आहे. काही वर्षांपूर्वी कचेरीतील एका सहकाऱ्याला पतसंस्थेचे कर्ज हवे होते. जेवणाच्या सुट्टीत त्याने फॉर्म पुढे केला आणि म्हणाला, "साहेब, नुसती जामीनदाराची सही. नावापुरती." दिवसभर दुसऱ्यांच्या फायलींत चुका काढणाऱ्या आम्ही तो फॉर्म उलटूनही पाहिला नाही. सहकाऱ्यावर आजारपण कोसळले, हप्ते थकले आणि कपात आमच्या पगारातून सुरू झाली. सव्वीस महिने चालली. भारतीय करार कायदा १८७२, कलम १२८. करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच. हे कलम आम्ही बी.कॉम.ला पाठ केले होते, त्यावर परीक्षेत मार्कही मिळवले होते. सहीच्या वेळी मात्र आठवले नाही. त्या वर्षी बहिणीने मागितलेली मदत आम्हाला देता आली नाही, ही टोचणी अजून आहे.

असो. भाच्याने सही केली नाही. मग हातोडा मिळवण्याचा दुसरा मार्ग उरला, वाड्यात शिरण्याचा. या वाड्याचे नाव 'हाऊस ऑफ होप', म्हणजे आशेचे घर. शहरातील एका दुकानामार्गे तिथे जाता येते. दुकानदारीणही फुकट वाट दाखवत नाही, तीही सौदा घालते. दारापासूनच व्यवहार!

आत उंची दालने, मेजवानीची टेबले. आणि त्या थाटात फिरणारे केविलवाणे जीव. त्यांना तिथे 'कर्जदार' असेच म्हणतात. कधीतरी करारावर सही केलेले हे आत्मे. होप नावाची एक बाईही आहे. घराला तिचे नाव आणि ती स्वतः तुरुंगात साखळदंडांनी जखडलेली. तिची सख्खी बहीण सैतानाच्या चाकरीत. घर फुटते कसे, हे खेळवाल्यांनाही ठाऊक आहे म्हणायचे.

या वाड्यातून निभावून कसे जायचे, ते आम्ही टक लावून पाहिले. घाई करणारा मरतो. दफ्तरखान्यात हातोडा समोर ठेवलेला दिसतो, पण झटकन उचलला की सारा वाडा जागा होतो. म्हणून आधी प्रत्येक खोली पाहायची, तिथल्या दफ्तरदाराशी बोलायचे, परतीची वाट ठरवायची. आधी सही करून चुकला असाल तर तुमचा करारनामा याच दफ्तरखान्यात सापडतो. तो मिळवून नष्ट केला की सुटका. हातोडा हाती आला की सरळ पळता येते. पण त्याच हातोड्याने होपच्या बेड्या तुटतात. भाचा परत फिरला आणि तिला सोडवले. शेवटी राफाएल स्वतः आडवा आला तेव्हा ती खांद्याला खांदा लावून लढली. सैतानाचे बळ दालनातील खांबांत होते, आणि त्या खांबांत कोंडलेले होते कर्जदारांचेच आत्मे. ते खांब फोडल्यावर तो ढासळला.

करारनामा नष्ट करण्याची गोष्ट ऐकून आम्हाला आपल्याच मातीतला इतिहास आठवला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी कर्जाने पिचलेले शेतकरी उठले. पुढे हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. बहुतेक ठिकाणी त्यांचा रोख सावकाराच्या जिवावर नव्हता, गहाणखते आणि रोखे यांवर होता. ते कागद हिसकावून त्यांनी जाळले. पुढे १८७९ मध्ये दख्खन शेतकरी कायदा आला आणि हिशोब मुळापासून तपासण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला. ज्याला अक्षर येत नव्हते त्याचा अंगठा घेतला जाई. आज आपल्याला अक्षर येते, पण आपण वाचत नाही. मग फरक काय राहिला?

दुसऱ्या दिवशी सकाळी भाचा मोबाईल घेऊन आला. एका कोर्सच्या फीसाठी पन्नास हजारांचे कर्ज, 'दहा मिनिटांत खात्यावर, व्याज फक्त १४ टक्के'. आम्ही चहा बाजूला ठेवला आणि कागद-पेन्सिल घेतली. प्रक्रिया शुल्क कापून हातात येणार ४७,५०० रुपये. हप्ता ४,७५० रुपयांचा, असे बारा. म्हणजे फेड ५७,००० रुपये. व्याज पूर्ण रकमेवर वर्षभर धरलेले, मुद्दल मात्र दर महिन्याला फिटत जाणारे. खरा वार्षिक दर निघाला ३५ टक्क्यांच्या आसपास! भाचा गप्प झाला. म्हणाला, "मामा, हा तर राफाएलच."

रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अशा कर्जाआधी ग्राहकाला मुख्य माहिती पत्रक द्यावेच लागते. त्यात सर्व शुल्कांसह वार्षिक दर छापलेला असतो. ते मागा, घरी आणा, रात्रभर ठेवा. मोबाईलवरील कर्जात ठराविक मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च परत करून बाहेर पडण्याची सोयही असते, ती मुदत विचारून घ्या. आणि जामीनदार होताना कर्ज आपणच घेतले आहे असे समजून सही करा.

खेळात एक सोय आहे. सहीपूर्वी डाव जपून ठेवायचा, फसला तर पुन्हा तिथून सुरुवात. आमच्या सव्वीस महिन्यांना ती सोय नव्हती.

कोर्सच्या फीसाठी आम्ही तिघांनी मिळून रक्कम जमवली. थोडी कमी पडते आहे, ती भाचा सुट्टीत शिकवण्या घेऊन भरणार आहे. बहिणीने विचारले, "दादा, समजावलं का त्याला?" आम्ही म्हणालो, "त्यानेच आम्हाला समजावलं."