२ एमबीची अट

वार्षिकांकासाठी साहित्य मागवताना जी सूचना आपण छापतो, तिच्यातील चित्रांविषयीची ओळ काही वर्षांपूर्वी मी लिहिली होती : ‘छायाचित्र २ एमबीहून मोठे नसावे.’ संपादकीय ईमेलची पेटी वारंवार भरून जात असे, एवढेच त्यामागचे कारण. ती ओळ किती चुकीची होती हे मला एका मोडी वहीमुळे कळले.

ग्वाल्हेरच्या एका शिक्षिकाबाईंनी आपल्या लेखासोबत पणजोबांच्या जमाखर्चाच्या वहीतील एका पानाचे छायाचित्र पाठवले. फोनने टिपलेले मूळ चित्र ५ एमबीचे होते. अट मोडू नये म्हणून त्यांनी भाच्याकडून ते लहान करून घेतले, आणि त्याने ते हवे त्याहून फारच लहान केले. अंक निघायच्या आत फोन बदलला, मूळ चित्र गेले. माळ्यावरची वही वाळवीने खाल्ली. उरली ती आमच्याकडे आलेली लहान प्रत.

एमबी हे फाइलचे वजन आहे. ती किती जागा अडवते, एवढेच त्यातून कळते. चित्रात काय दिसेल हे ठरते पिक्सेलच्या संख्येवर, म्हणजे चित्र ज्या ठिपक्यांचे बनलेले असते त्यांवर. बाईंचे मूळ चित्र ३००० × ४००० पिक्सेलचे, म्हणजे १ कोटी २० लाख ठिपक्यांचे होते. आमच्याकडची प्रत ६०० × ८०० ची, म्हणजे ४ लाख ८० हजार ठिपक्यांची. पंचविसावा हिस्सा.

पानावर २२ ओळी होत्या. ८०० पिक्सेलची उंची २२ ओळींत वाटली, तर मधली मोकळी जागा धरून एका ओळीला ३६ पिक्सेल मिळतात. मूळ चित्रात ते १८० च्या आसपास होते. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळलेला नसतो. वाचणारा बारीकसारीक वळणांच्या आधाराने पुढे सरकतो. शिवाय हा जमाखर्च. जुन्या रीतीत पाव एका उभ्या रेघेने, अर्धा दोन रेघांनी आणि पाऊण तीन रेघांनी दाखवत. लहान प्रतीत या रेघा एकमेकींत मिसळून काळा डाग झाला होता. रक्कम अर्धा रुपया की पाऊण, हे आमच्याकडच्या मोडी जाणकारांना भिंगाखालीही सांगता येईना.

त्यात भर जेपेग या प्रकाराची. जेपेग चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनातले बारीक बदल गाळून फाइल हलकी करते. चेहरा, आकाश, सभागृह अशा चित्रांत हे डोळ्यांना जाणवत नाही. कागदावरच्या शाईच्या रेघेला मात्र तेच मारक ठरते : कडा धूसर होते, भोवती करडी धूळ उठते. शिवाय फेरफार करून फाइल पुन्हा जतन केली की पुन्हा गाळणी लागते. म्हणून मूळ फाइलला हात लावू नये. जे काही करायचे ते प्रतीवर करावे.

छपाईसाठी इंचाला ३०० ठिपके लागतात. चित्र ५ इंच रुंद छापायचे, तर रुंदीत १५०० पिक्सेल हवेत. हे सांगितल्यावर काही जण संगणकावर चित्र उघडून ‘७२’ या आकड्याच्या जागी ‘३००’ टाकतात आणि तेच परत पाठवतात. तो आकडा फाइलवर चिकटवलेली नुसती चिठ्ठी आहे. तो बदलून एकही ठिपका वाढत नाही. चित्र ताणून मोठे केले तर ठिपके वाढतात खरे, पण ते संगणकाने अंदाजाने भरलेले असतात. जुन्या कागदाच्या बाबतीत असा अंदाज मला धोक्याचा वाटतो, कारण नसलेली रेघ असल्यासारखी दिसू शकते.

पाठवण्याची वाटही महत्त्वाची. व्हॉट्सॲपवर ‘फोटो’ म्हणून पाठवलेले चित्र वाटेत लहान होते. तेच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवले की मूळ फाइल जशीच्या तशी पोचते. वर्डच्या फाइलमध्ये चिकटवलेले चित्रही जतन करताना आकसते, तेव्हा चित्र वेगळे पाठवावे. ओळख चित्रावर न लिहिता मजकुरात द्यावी. (कवितेचा फोटो मात्र कृपा करून पाठवू नका. ती युनिकोडमध्ये टंकित हवी, नाहीतर आम्हाला ती पुन्हा टंकावी लागते आणि अनुस्वार आमच्या हातून गळतात.)

यंदाच्या सूचनेतून २ एमबीची ओळ मी काढली आहे. तिच्या जागी ‘फोनमधून निघालेली मूळ फाइल पाठवावी, रुंदी १५०० पिक्सेलहून कमी नसावी, हस्तलिखिताचे पान असल्यास ३००० असावी’ असे घातले आहे. पेटी भरली तर ती रिकामी करणे हे आमचे काम.

बाईंचे पान आम्ही अंकात २ इंच रुंद छापले. ६०० पिक्सेलमध्ये तेवढेच बसते.