जुनी ट्यूबलाइट, पारा आणि आपले आरोग्य

अहवालवर्षात रुग्णालयातील जुन्या ट्यूबलाइट उतरवून त्यांच्या जागी एलईडी दिवे बसविण्यात आले. उतरविलेल्या नळ्यांपैकी काही हलविताना फुटल्या आणि काचा केरसुणीने झाडल्या गेल्या. ही चूक आमचीच. तुळिंजमधील कोणत्याही घरात ती घडू शकते, म्हणून हे निवेदन.

ट्यूबलाइट व सीएफएल यांत पाऱ्याची वाफ असते. वीज वाहू लागली की ती अतिनील किरण देते व नळीतील पांढरा लेप त्यांचे प्रकाशात रूपांतर करतो. एका सीएफएलमध्ये पारा साधारणतः ३ ते ५ मिलिग्रॅम. दिवा शाबूत असेपर्यंत धोका नाही. फुटल्यावर मात्र वाफ श्वासावाटे रक्तात जाते. पारा मेंदू व मूत्रपिंडांना अपायकारक असून गर्भवती व बालकांना त्याचा धोका अधिक. एका दिव्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. पण कचरा वेचून पोट भरणाऱ्यांच्या हाताखाली असे दिवे रोज फुटतात.

कचऱ्यातील पारा पावसाच्या पाण्याबरोबर खाडीपर्यंत जाऊ शकतो. उल्हास नदी वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते. कॉस्टिक सोडा कारखान्यांतील पारा या नदीमुखाच्या गाळात साठल्याचे शास्त्रज्ञांनी पूर्वीच नोंदविले आहे. गाळातील जिवाणू पाऱ्याचे अधिक विषारी रूप तयार करतात व ते मासळीत साठते. जपानमधील मिनामाता येथे १९५६ साली उघडकीस आलेला आजार अशाच मासळीतून पसरला होता. त्या गावाच्या नावाने झालेल्या पारा-नियंत्रण कराराला भारताने २०१८ साली मान्यता दिली.

दिवा फुटल्यास पंखा बंद करून खिडक्या उघडाव्यात व पंधरा मिनिटे खोलीबाहेर थांबावे. केरसुणी वा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नये. काचा जाड पुठ्ठ्याने गोळा कराव्यात, बारीक कण चिकटपट्टीने व ओल्या कागदाने टिपावेत आणि सर्व काही झाकणाच्या बरणीत बंद करावे.

शाबूत दिवे ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता खोक्यात वेगळे ठेवावेत व ई-कचरा संकलनातच द्यावेत. नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्रात ते बंदिस्त यंत्रात फोडले जातात. काच, ॲल्युमिनियम व लेपाची पूड वेगळी होते आणि पुडीतील पारा तापवून परत मिळविला जातो. आमच्या उरलेल्या नळ्या अशाच केंद्राकडे सोपविण्याचे आम्ही ठरविले आहे. आपणही तसेच करावे, ही नम्र विनंती.