उद्याचा माणूस – लेखांक ९ : आत्याचे दोन डोळे

साताऱ्याच्या एका निवृत्त शिक्षिकेच्या पत्रानं आठवडाभर माझी पाठ सोडलेली नाही. त्या विचारतात, ‘मोतीबिंदू काढून माझ्या डोळ्यात कृत्रिम भिंग बसवलंय. तुमच्या हिशेबानं मी दुरुस्त झालेली बाई की सुधारलेली?’

पत्र वाचलं आणि आत्या आठवली. गेल्या महिन्यात तिच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर दोन दिवस ती एक-एक डोळा तळहातानं झाकून घरभर फिरत होती. उजव्या डोळ्याला भिंत पांढरीशुभ्र, डाव्याला चहा सांडल्यासारखी पिवळट. मग तिनं कपाटातून निळी इरकल काढली. ‘रंग उडाला म्हणून कामवाल्या मावशींना द्यायला काढली होती रे!’ साडीचा रंग तसाच होता. वयानुसार डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं आणि निळा प्रकाश बराचसा अडवतं. चित्रकार मोने यांचाही १९२३ मध्ये एकाच डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता. रंगांच्या या घोळानं ते हैराण झाले होते.

कृत्रिम भिंगाचा उगम दुसऱ्या महायुद्धातला. गोळ्यांनी लढाऊ विमानांची पर्स्पेक्स या पारदर्शक प्लास्टिकची छतं फुटून वैमानिकांच्या डोळ्यांत कपचे घुसत. हॅरोल्ड रिडली या ब्रिटिश नेत्रतज्ज्ञाच्या लक्षात आलं, की डोळा हा कपचा निमूटपणे सोसतो. १९४९ च्या नोव्हेंबरात लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी त्याच जातीच्या प्लास्टिकचं भिंग एका रुग्णाच्या डोळ्यात बसवलं. डोळ्यातून परकी वस्तू काढायची की आत घालायची, म्हणून समव्यावसायिक खवळले. त्यांचा विरोध कितीतरी वर्षं टिकला. पुढे म्हातारपणी रिडलींच्या स्वतःच्या डोळ्यांतही अशीच भिंगं बसली.

आता बाईंच्या प्रश्नाकडे येतो. आपल्या दृष्टिपटलाला अतिनील प्रकाश थोडाफार कळतो. तो वाटेतच शोषून घेतं ते आपलं जन्मजात भिंग. ते काढून जागा रिकामी ठेवली, तर माणसाला हा प्रकाश निळसर-पांढरा दिसू लागतो. मधमाशीला फुलावर जे दिसतं, त्याच्या उंबरठ्यावर माणूस जाऊन उभा राहतो! म्हणजे कृत्रिम भिंग घडवणाऱ्यांपुढे दोन वाटा होत्या : ही खिडकी उघडी ठेवायची की लावून घ्यायची. त्यांनी लावून घेतली. दृष्टिपटलाला इजा नको म्हणून आज बहुतेक भिंगांच्या प्लास्टिकमध्येच अतिनील किरण अडवणारं द्रव्य असतं.

मला हा निर्णय पटतो. पण उपचार कुठे संपतो आणि क्षमता वाढवणं कुठे सुरू होतं, ही रेघ शरीरात कुठेच आखलेली नाही. इथे ती भिंगाच्या कारखान्यात आखली गेली, आणि ऑपरेशनच्या टेबलावर झोपणाऱ्याला तिचा पत्ताही नसतो. तेव्हा बाई, तुम्हाला दुरुस्त केलं आहे. सुधारणंही शक्य होतं, ते मुद्दाम टाळलं. पेपर वाचायला चष्मा लागतच असेल, कारण विशीतल्या भिंगाची लवचीकता या साध्या भिंगात नाही.

आत्याच्या डाव्या डोळ्याची तारीख मिळाली होती. तिनं ती पुढे ढकलली. आजीच्या हातच्या जुन्या गोधडीचा रंग तिला अजून थोडे दिवस त्या डोळ्यानं बघायचा आहे.