चाकावरचा काळा थर

दसरा जवळ आला की हिंगोली जिल्ह्यात घरोघरी गाड्या धुण्याचे काम निघते. मोटार, जीप, ट्रॅक्टर, दारात जे असेल ते स्वच्छ करून, झेंडूचा हार घालून त्याची पूजा होते. गाडीचे अंग लखलखते, पण चाकांपाशी आले की हात थांबतो. पुढच्या दोन्ही चाकांवर काळपट-तपकिरी थर असतो. नुसत्या पाण्याने तो जात नाही. साबणाने थोडा निघतो आणि आठ-पंधरा दिवसांत पुन्हा हजर होतो. गॅरेजमध्ये मला हमखास विचारले जाते, "एवढी धूळ पुढच्याच चाकांना का? आणि ती निघत का नाही?"

याचे उत्तर असे की, ती रस्त्याची धूळ नव्हेच. ती ब्रेकची झीज आहे.

पुढच्या चाकांमागे बिडाची एक गोल तबकडी फिरत असते. तिला आपण डिस्क म्हणतो. ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंनी पॅड तिला चिमट्यासारखे पकडतात. समजा, हजार किलोची मोटार ताशी 60 किलोमीटर वेगाने चालली आहे. ती थांबवताना सुमारे 1 लाख 39 हजार ज्यूल इतकी ऊर्जा उष्णतेत बदलते. एवढ्या उष्णतेत लिटरभर पाणी 30 अंशांवरून 63 अंशांपर्यंत तापेल. आणि हे फक्त एकदा थांबण्याचे झाले. महामार्ग सोडून औंढा किंवा सेनगावच्या रस्त्याला लागलो की गावोगावचे गतिरोधक, आडवी येणारी जनावरे, हळदीची पोती भरलेले ट्रॅक्टर, यांमुळे ब्रेकवरचा पाय हलतच नाही. प्रत्येक वेळी पॅड आणि डिस्क दोन्ही कणाकणाने झिजतात. हे कण तापलेले असतात आणि त्यांत लोखंडाचा वाटा मोठा असतो.

ब्रेक मारला की गाडीचा भार पुढे झुकतो, म्हणून थांबवण्याचे बहुतेक काम पुढचे ब्रेक करतात. शिवाय आपल्याकडच्या अनेक लहान मोटारींना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतो. ड्रमची झीज बरीचशी आतच साठते. डिस्क उघडी असल्याने तिची झीज थेट चाकावर उडते.

आता ती चिकटून का बसते? गरम कण चाकाच्या रंगावर किंवा वरच्या पारदर्शक लॅकरवर पडतात. त्यात दव, पाऊस किंवा धुण्याचे पाणी मिसळले की लोखंड गंजते. गंजलेला कण पृष्ठभागाला घट्ट धरतो. आपल्या काळ्या मातीचा चिखल पाण्यात भिजून सुटतो. हा कण मात्र भिजला की अधिक रुततो. म्हणून महिनोन्महिने साठलेला थर काढणे अवघड जाते आणि आठ-पंधरा दिवसांचा थर साध्या साबणाने निघतो. सगळ्या सांगण्याचे सार हेच की, जोर लावण्यापेक्षा वेळेवर धुणे महत्त्वाचे.

पण बरेच जण थर साठू देतात आणि मग घाई करतात. कोणी संडास साफ करायचे ॲसिड ओततो, कोणी धुण्याचा सोडा चोळतो, कोणी तारेची घासणी घेतो. चिंचेने तांब्या-पितळेची भांडी उजळतात, हे आपण लहानपणापासून पाहतो. त्यामुळे आंबट पदार्थ चाकालाही चालेल असे वाटते. पण अलॉय चाक ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असते आणि ॲल्युमिनियमला तीव्र आम्लही सोसत नाही, तीव्र अल्कलीही सोसत नाही. लॅकरला कुठे टवका उडालेला असेल तर द्रव तिथून आत शिरतो. मग लॅकरखाली पांढऱ्या दोऱ्यासारखी गंजाची जाळी पसरत जाते. नव्या गाडीच्या चाकाखाली आपण लिंबू ठेवतो, ते टायरखाली चिरडण्यापुरतेच. चाकाला चोळण्यासाठी नव्हे!

काही जण फडके डिझेलमध्ये किंवा रॉकेलमध्ये बुडवून चाक पुसतात. क्षणभर चकाकी येते, पण मागे राहिलेल्या तेलकट थरावर पुढची धूळ आणखी चिकटते. खरा धोका त्याहून मोठा आहे. हे तेल डिस्कवर किंवा पॅडवर गेले तर ब्रेकची पकड कमी होते. चाक चमकले आणि गाडी थांबली नाही, तर त्या चमकेचा काय उपयोग?

योग्य पद्धत सोपी आहे आणि तिला दोन बादल्या पाणी पुरते. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या जिल्ह्यात पाण्याचा हिशेब ठेवावाच लागतो. गाडी सावलीत उभी करून चाके पूर्ण गार होऊ द्यावीत. तापलेल्या डिस्कवर एकदम थंड पाणी पडले तर ती वाकडी होण्याचा धोका असतो. आधी साधे पाणी ओतून सुटी माती काढावी. मग गाडी धुण्याचा सौम्य शाम्पू पाण्यात मिसळून मऊ ब्रशाने एकेक चाक धुवावे. आतली कड आणि नटांच्या खोबणी विसरू नयेत. चाकासाठीचे फडके आणि बादली वेगळी ठेवावी, कारण त्यातले लोखंडाचे कण गाडीच्या रंगावर बारीक ओरखडे पाडतात. शेवटी स्वच्छ पाण्याने धुवून लगेच कोरडे पुसावे. बोअरचे पाणी अनेकदा जड असते. ते तसेच वाळले तर क्षारांचे पांढरे डाग राहतात.

एवढ्यानेही जुना थर गेला नाही तर लोखंडाचे कण विरघळवणारे द्रावण बाजारात मिळते. केस कुरळे करण्याच्या औषधात असते त्याच जातीचे, म्हणजे थायोग्लायकोलेटचे, ते बनलेले असते. लोखंडाशी संयोग होताच त्याचा रंग जांभळा होतो. वास उग्र असतो. हातमोजे घालून, मोकळ्या हवेत, बाटलीवर लिहिलेल्या वेळेपुरतेच ते ठेवावे. वाळू न देता भरपूर पाण्याने धुवून टाकावे.

चाक स्वच्छ आणि कोरडे झाले की त्यावर मेणाचा पातळ हात द्यावा. गाडीच्या रंगासाठी मिळणारे मेण चालते. दोन-तीन महिन्यांनी ते पुन्हा लावावे. मेणामुळे धूळ यायची थांबत नाही, मात्र ती पृष्ठभागात रुतत नाही. महागड्या सिरॅमिक लेपाचेही काम तेच, फक्त तो अधिक टिकतो. लोखंडी चाकाचा रंग उडाला असेल तर गंज घासून, प्रायमर देऊन रंगाचा हात मारावा. मेण असो वा टायरचे पॉलिश, डिस्कवर त्याचा थेंबही जाता कामा नये. धुतल्यावर डिस्क ओली असते. म्हणून गाडी काढताच सावकाश चालवत दोन-तीनदा ब्रेक दाबून पाहावा.

चाक स्वतःच्या हाताने धुण्याचा आणखी एक फायदा आहे. थर दोन्ही पुढच्या चाकांवर साधारण सारखा असावा. एका बाजूचे चाक फारच काळे होत असेल तर तिकडचे पॅड डिस्कला घासत राहिले असण्याची शक्यता असते. कॅलिपरची पिन किंवा पिस्टन अडकला की असे होते. सोबत जळका वास, चाक जास्त तापणे, गाडी एका बाजूला ओढणे हीही लक्षणे दिसतात. उलट एक चाक नेहमीपेक्षा अगदीच स्वच्छ राहत असेल तर तिकडचा ब्रेक नीट लागत नसेल. गॅरेजमध्ये मी आधी दोन्ही चाके शेजारी शेजारी पाहतो, मगच पाना हातात घेतो. थर पुसण्याआधी मालकानेही तो वाचायला हवा.

एक गोष्ट मात्र मला कळकळीने सांगायची आहे. चाके धुणारी मुले पुष्कळदा उघड्या हातांनी काम करतात. चाकांसाठीच्या काही तीव्र द्रावणांत हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा अमोनियम बायफ्लोराइड असते. ते कातडीतून आत शिरते आणि वेदना कधीकधी काही तासांनी सुरू होतात. तोवर इजा खोलवर गेलेली असते. तसेच ड्रम उघडून आतली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवण्याची सवय वाईट आहे. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि त्याचे तंतू फुप्फुसाला घातक असतात. धूळ उडवू नये, ओल्या फडक्याने टिपावी.

जगातही आता या धुळीकडे लक्ष जाऊ लागले आहे. पॅडमधले तांबे पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्या-खाडीत जाऊन माशांना अपाय करते, म्हणून अमेरिकेतील कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन या राज्यांनी 2010 मध्ये तांबे घटवण्याचे कायदे केले. युरोपीय संघाने 2024 मध्ये संमत केलेल्या युरो 7 नियमांत धुराड्याबरोबर ब्रेकमधून उडणाऱ्या कणांवरही प्रथमच मर्यादा घातली. आपण एवढे तरी करू शकतो की, गाडी धुवायला कयाधूच्या पात्रात उतरायचे नाही आणि धुण्याचे पाणी विहिरीकडे वाहू द्यायचे नाही.

ब्रेक आपले काम चोख करतो, त्याची खूण म्हणजे ही काळी धूळ. तिच्यावर चिडण्याचे कारण नाही. पंधरवड्यातून एकदा बादलीभर साबणाचे पाणी घेऊन चाकापाशी बसावे. चाकाचा रंग टिकेल आणि ब्रेक ठीक आहेत की नाहीत, तेही कळेल.

(नभोवाणी भाषणाचे संपादित रूप)