सोयाबीन पुरेसे भाजले का? युरिएज आणि ट्रिप्सिन निरोधक चाचणी

सोयाबीनमध्ये सुमारे ४० टक्के प्रथिने असतात. त्यामुळे घरचे सोयाबीन भरडून कोंबड्यांना किंवा वासरांना द्यावे, असा विचार अनेक पशुपालक करतात. मात्र कच्च्या दाण्यात ट्रिप्सिन निरोधक हा घटक असतो. ट्रिप्सिन हे आतड्यात प्रथिने पचवणारे विकर (एन्झाइम). निरोधक त्याला चिकटून बसतो आणि त्याचे काम थांबवतो. परिणामी खाद्य खाऊनही पिल्लांची वाढ खुंटते व स्वादुपिंडाला सूज येते.

उष्णतेने हा निरोधक निकामी होतो. पण दाणे किती भाजले, हे केवळ रंगावरून कळत नाही. त्यासाठी पुढील चाचण्या उपयोगी आहेत.

१) युरिएज चाचणी
युरिएज हे सोयाबीनमधील दुसरे विकर युरियापासून अमोनिया तयार करते. उष्णतेने युरिएज आणि ट्रिप्सिन निरोधक जवळपास सारख्याच वेगाने निकामी होतात. म्हणून स्वस्त व सोप्या युरिएज चाचणीवरून निरोधकाचा अंदाज घेतात.
- बारीक दळलेला ०.२ ग्रॅम नमुना दोन परीक्षानळ्यांत घ्यावा.
- एका नळीत युरिया मिसळलेले व दुसरीत युरियाविरहित, सामू ७ असलेले १० मिलि बफर द्रावण टाकावे.
- दोन्ही नळ्या ३० अंश सेल्सिअसला ३० मिनिटे ठेवून सामू मोजावा.
- अमोनियामुळे पहिल्या नळीचा सामू वाढतो. दोन्हींतील फरक ०.०५ ते ०.२० असल्यास प्रक्रिया योग्य समजावी. फरक जास्त असल्यास माल कच्चा आहे. पूर्ण कच्च्या दाण्यात हा फरक २ च्या आसपास जातो.

२) ट्रिप्सिन निरोधकाची थेट चाचणी
येथे ‘बापना’ हा रासायनिक पदार्थ वापरतात. ट्रिप्सिनने तो तुटला की द्रावण पिवळे होते.
- तेल काढलेल्या नमुन्याचा अर्क ठराविक ट्रिप्सिनमध्ये मिसळतात. दुसऱ्या नळीत अर्काशिवाय फक्त ट्रिप्सिन असते.
- दोन्हींत बापना टाकून ३७ अंशाला १० मिनिटे ठेवतात. नंतर ॲसेटिक आम्लाने क्रिया थांबवतात.
- ४१० नॅनोमीटरवर रंगाची तीव्रता मोजतात. अर्क असलेल्या नळीत पिवळा रंग जितका फिका, तितका निरोधक जास्त.
- अर्क इतका पातळ करावा, की ४० ते ६० टक्केच ट्रिप्सिन अडेल. सगळेच ट्रिप्सिन अडले, तर निरोधक नेमका किती हे कळत नाही.

३) जास्त भाजल्याची तपासणी
युरिएजचा फरक शून्य आला, म्हणजे माल उत्तमच, असे नाही. जास्त उष्णतेने लायसिनसारखी अमिनो आम्ले वाया जातात आणि युरिएज चाचणीत हे नुकसान दिसत नाही. त्यासाठी ०.२ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये किती प्रथिने विरघळतात, ते पाहतात. साधारण ७३ ते ८५ टक्के योग्य. त्याहून बरेच कमी असल्यास माल करपलेला समजावा.

गावपातळीवरील चाचणी
विस्तार कार्यकर्त्यांनी युरिया व फिनॉल रेड यांचे पिवळसर द्रावण पसरट बशीतील भरड्यावर शिंपडावे. पाच मिनिटांनी मोजके लाल ठिपके दिसल्यास माल ठीक. बशी लालभडक झाल्यास माल कच्चा. अर्ध्या तासानेही एकही ठिपका न दिसल्यास तो जास्त भाजलेला असण्याची शक्यता असते.

महत्त्वाची काळजी
- मोठ्या रवंथ करणाऱ्या जनावरांना निरोधकाचा त्रास कमी होतो. मात्र युरिया असलेल्या खाद्यात कच्चे सोयाबीन कधीही मिसळू नये. युरिएजमुळे युरियाचा झपाट्याने अमोनिया होतो आणि विषबाधेने जनावर दगावू शकते.
- नमुना एकाच पोत्यातून न घेता अनेक पोत्यांतून थोडा थोडा घेऊन एकत्र करावा.
- भट्टीत दाणे सारखे हलवावेत. वरून करपलेला दाणा आतून कच्चा राहू शकतो. शंका असल्यास दाणा फोडून पाहावा आणि चाचणी झाल्यावरच तो घाणा खाद्यात वापरावा.